पुढच्या रांगेतली जागा

पुण्यात मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्यांना स्वतःच्या हाताने पाणी पिता येत नाही. हात मोकळे असतात कुठे? कमरेला पट्ट्याने आवळलेला ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या. एकदा ठेका धरला की थांबायचं नाही. तहान लागली की मान मागे टाकायची, आ करायचा, आणि पथकातलीच मंडळी रांगांमधून बाटल्या घेऊन फिरत असतात, ती वरून घशात धार सोडतात. कोणी पाजलं, काय पाजलं, बघणार कोण? नजर तर समोर ताशेवाल्याच्या हातावर. पाजणाऱ्याच्या अंगात आपला पांढरा कुडता आणि डोक्याला आपला फेटा असला की झालं, तो आपला. ज्या मुली हॉटेलात पाण्याची बाटलीसुद्धा सील बघून घेतात, त्याच रस्त्यात मात्र चिमणीच्या पिल्लांसारख्या चोची वर करून उभ्या. आता बोला.

दीक्षा त्यांतलीच एक. वाघोलीची, वीस वर्षांची, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. पथकात तिचं हे दुसरं वर्ष. पथकाचं नाव सांगून काय करायचंय, कशाचा तरी नाद नाहीतर निनाद असणारच, पुण्यात सगळ्यांचा असतो. जुलैपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, आणि सराव आटपून वाघोलीची बस गाठायची म्हणजे दिव्य. म्हणून आठवड्यातले तीन दिवस दीक्षाचा मुक्काम कोथरूडला, कादंबरीच्या घरी. कादंबरी म्हणजे रांगेत तिच्या डाव्या हाताला उभी राहणारी. हाडापेराने भक्कम, सोसायटीची लिफ्ट बंद पडली की भरलेला गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर नेणारी, आणि बोलायला लागली की समोरच्याला गप्प बसवणारी. दोघींचं जमलं ते असं जमलं की कादंबरीच्या आईने, हेमाकाकूंनी, दीक्षासाठी वेगळा टॉवेलच काढून ठेवला.

विसर्जनाच्या सकाळीही दोघी तिथूनच निघाल्या. हेमाकाकूंनी कादंबरीच्या फेट्याला पिना लावता लावता दीक्षाला सांगितलं, "माझी लेक शहाणी आहे, पण जरा जास्तच. तू बरोबर आहेस म्हणून मी घरात बसते. दोघी जाताय, दोघी या. एकटी आलीस तर दार उघडणार नाही."

"काकू, उलटं सांगा. तिलाच सांगा मला आणायला," दीक्षा म्हणाली.

"तिला सांगून काही उपयोग असता तर तुला कशाला सांगितलं असतं?" काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

दुपारी अडीचच्या सुमाराला पथक लक्ष्मी रस्त्यावर होतं. पन्नास ढोल, पंधरा ताशे, दोन्ही बाजूंना दोरी धरून उभी असलेली आपली पोरं, आणि दोरीपलीकडे माणसांचा नुसता लोट. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. पहिल्या रांगेत दीक्षा आणि कादंबरी. समोर तोंड करून ताशा वाजवणारा शौनक, पथकाचा प्रमुख. मोठा शिस्तीचा माणूस. सरावात त्याचं एकच पालुपद असायचं: रांगेत खड्डा दिसता कामा नये. पुढचा बाहेर पडला की मागच्याने एक पाऊल पुढे. बघणाऱ्याला कळताही कामा नये.

सौमित्र पाणी पाजत फिरत होता. तीन वर्षांपूर्वी मनगट दुखावल्यापासून तो ढोल वाजवत नसे. अठ्ठावीस-एकोणतीसचा, गोड बोलायचा, सगळ्या मुलींची नावं त्याला पाठ. कोणाच्या बोटाला फोड आला की खिशातून पट्टी काढून हा हजर. मुली त्याला सौमित्रदादा म्हणायच्या आणि त्याच्यासमोर निवांत असायच्या. देवमाणूस, असंही कोणीतरी म्हणायचं. आपल्याकडे ही पदवी फार स्वस्त झाली आहे.

तो दीक्षासमोर आला तेव्हा त्याच्या हातात नेहमीची पाण्याची बाटली नव्हती. केशरी सरबताची छोटी बाटली होती, झाकणाला तोटी असलेली. त्याने ती तिच्या तोंडाजवळ धरली. दीक्षाच्या पोटात सकाळची खिचडी आणि आत्तापर्यंत प्यायलेलं पाणी एकत्र हिंदकळत होतं. तिने मान हलवली आणि हनुवटीने शेजारी दाखवलं, हिला द्या. कादंबरीने ठेका न चुकवता मान मागे टाकली, चार घोट गिळले, दीक्षाकडे बघून तोंड वाकडं केलं, म्हणजे कडवट आहे, आणि डोळा मारून पुन्हा वाजवायला लागली. सौमित्र पुढे गेला. पण त्या बाटलीतलं त्याने पुढे कोणालाच पाजलं नाही. हे दीक्षाला दिसलं होतं. दिसणं आणि लक्षात येणं यांत मात्र पंधरा-वीस मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात कादंबरीचा हात चुकला. एकदा चुकला, दीक्षाला हसू आलं. कादंबरी चुकते म्हणजे काय. दुसऱ्यांदा टिपरू ढोलावर न पडता हवेतच फिरलं. कादंबरी हसत होती, पण ते हसू कोणासाठीच नव्हतं, नुसतं तोंडावर सांडलेलं. मग तिचे गुडघे सैल झाले. आणि ती कलायच्या आत सौमित्रचा हात तिच्या दंडाखाली होता. कलायच्या आत, नंतर नव्हे.

त्याने सराईतपणे तिच्या कमरेचा पट्टा सोडला, ढोल दोरीवाल्या पोरांच्या हवाली केला, पट्टा स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि तिला घेऊन दोरीबाहेर गेला. मागच्या रांगेतली मुलगी एक पाऊल पुढे आली. खड्डा बुजला.

दीक्षा वाजवत राहिली. खरं ते सांगायला हवं, ती वाजवत राहिली. दरवर्षी दोन-चार मुलींना भोवळ येतेच. मागे पथकाचा टेम्पो असतो, तिथे नेतात, मीठ-साखरेचं पाणी देतात, कानशिलांना बर्फ लावतात. अर्ध्या तासाने मुलगी खजील होऊन परत. यात घाबरायचं काय? पण मनाला एकदा कुसळ टोचलं की ते निघत नाही. सिलिंडर उचलणाऱ्या पोरीला चार घोटांनंतर भोवळ? आणि टेम्पो तर मागे होता. सौमित्र मागे गेला नव्हता. तो उजवीकडे, नारायण पेठेच्या बोळाकडे वळला होता.

दीक्षाच्या काळजात धस्स झालं. तिला ती तोटी आठवली, तोंडाजवळ आलेली. आपण हनुवटी हलवली. आपणच दाखवलं. हिला द्या.

तिने ठेका सोडला. शौनकने भुवया चढवल्या, ताशावरची काडी न थांबवता मानेने दरडावलं, जागेवर. दीक्षाने पट्टा सोडला आणि ढोल भर रस्त्यात, रांगेच्या तोंडाशी जमिनीवर ठेवला. असं कोणी करत नाही. शौनकचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, पण ती पाहायला थांबली नाही.

दोरीवर अपूर्वा होती. गेल्या वर्षी ती ढोल वाजवायची, यंदा दोरी धरायची. फारशी कोणात मिसळत नसे. दीक्षाने तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "कादंबरीला काहीतरी पाजलंय. सौमित्र तिला घेऊन गेला. टेम्पोकडे नाही, बोळात."

दुसरी कोणी असती तर तिने दहा प्रश्न विचारले असते. काय पाजलं, तुला कसं माहीत, दादा असं करेल का, आधी शौनकला विचारूया. अपूर्वाने एकही विचारला नाही. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं दीक्षाला दिसलं. तिने हातातली दोरी सोडून दिली, दीक्षाचं मनगट धरलं आणि गर्दीत घुसली.

घुसली म्हणणं सोपं आहे. विसर्जनाच्या दिवशी त्या रस्त्यावर माणूस चालत नाही, तो ढकलला जातो. दीक्षाच्या पायावर पाय पडत होते, कोणाचं कोपर बरगडीत बसत होतं. तिने फोन काढला. कादंबरीला लावला, लागेना. हेमाकाकूंना लावला, लागेना. पोलिसांचा ११२ लावला, तोही नुसता शांत. लाखभर माणसं एकाच वेळी फोन काढून बसल्यावर नेटवर्क कुठून यायचं? आणि वरून चारही बाजूंनी ढोल. तिने "कादंबरी" अशी हाक मारली, ती तिची तिलाच ऐकू आली नाही.

त्यात ते कुडते. मिरवणुकीत मागेपुढे पाच-सहा पथकं, बहुतेकांचे कुडते पांढरे, फेटे भगवे. एक मुलगा एका मुलीला खांद्याला धरून नेताना दिसला. दीक्षाने धावत जाऊन तिचा खांदा ओढला. भलतीच मुलगी, पाय मुरगळलेली, बरोबर तिचा भाऊ. "काय हो?" तो वैतागला. दीक्षाने माफी मागितली की नाही तिला आठवत नाही. तेवढ्यात आणखी एक जोडी दिसली, तीही ती नव्हे. जिकडे पाहावं तिकडे सौमित्र होता आणि कुठेच नव्हता.

"त्याची गाडी," अपूर्वा म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "कठड्यांच्या पलीकडे लावत असेल. तिथवर चालतच जावं लागतं. तेवढाच वेळ आहे."

हिला हे कसं माहीत, असा विचार दीक्षाच्या मनात येऊन गेला, पण थांबला नाही. एकदा का तो पोलिसांनी लावलेल्या बांबूच्या कठड्यांपलीकडे गेला की मग पुणं केवढं आहे ते तिला माहीत होतं. रोज वाघोलीहून येताना ती ते उभं-आडवं बघत होती. त्यात कोण कोणाला शोधणार?

बोळात गर्दी जरा विरळ होती. एका घराच्या पायरीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर हातपंखा. मागच्या दारावर पाटी होती, येथे बसू नये. आजी पाटीच्या बरोब्बर पुढे बसल्या होत्या.

"आजी, एक मुलगा आणि मुलगी गेली का इकडून? असेच कपडे. मुलीला नीट चालता येत नव्हतं."

"गेली की," आजी म्हणाल्या. "झिंगलेली होती. सणासुदीला ही थेरं. आमच्या वेळी पुरुष प्यायचे, आता पोरी."

"ती प्यायलेली नाही हो," दीक्षाचा आवाज फुटला. "तिला पाजलंय. तो तिचा कोणी नाही. माझी मैत्रीण आहे ती. तिच्या आईने माझ्या भरवशावर पाठवलंय तिला."

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पंखा खुर्चीवर ठेवला. "उजवीकडे पुढची इमारत. खालच्या पार्किंगमध्ये शिरलेत. पळ. मी येते मागून, माझे गुडघे पळत नाहीत."

पार्किंगमध्ये उजेड कमी होता. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दीक्षाला आधी काहीच दिसेना, आणि तो एक क्षण तिला फार लांब वाटला. मग स्कूटर दिसली. स्कूटरवर सौमित्र. त्याच्या पाठीवर गाल टेकून कादंबरी, डोळे अर्धे मिटलेले, फेटा कुठेतरी पडलेला. आणि ती पडू नये म्हणून त्याने तिला स्वतःच्या पाठीशी बांधलं होतं. ढोलाच्या पट्ट्याने. तिच्याच कमरेच्या.

दीक्षाने ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघेना.

सौमित्रने वळून पाहिलं, आणि तो हसला. अगदी नेहमीसारखा. "बरं झालं आलीस गं. ऊन लागलंय हिला. कोथरूडला घरी सोडून येतो. तू जा, शौनक चिडेल."

आता इथेच तर मेख आहे. इतका साधा, इतका रोजचा आवाज की दीक्षा क्षणभर डळमळली. खरंच ऊन लागलं असेल तर? आपण भलताच आळ घेतोय, उद्या पथकात तोंड कसं दाखवायचं? मोठ्या माणसाला असं तोंडावर कसं बोलायचं? लहानपणापासून मुलींच्या जिभेला जे वळण लावलेलं असतं ते नेमकं अशा वेळी आडवं येतं.

"मी पण येते," ती कशीबशी म्हणाली.

"तिघं? आजच्या दिवशी? चौकाचौकात पोलीस आहेत."

"मग रिक्षाने नेते मी तिला."

"रिक्षा कुठे मिळणारे आज? वेडी आहेस का?" त्याने चावी फिरवली.

अपूर्वा पुढे झाली. तिने चावीला हात घातला, पहिल्यांदा ती बोटांतून निसटली. दुसऱ्यांदा तिने ती ओढून काढली आणि मुठीत घट्ट धरली. सौमित्रने तिच्याकडे बघितलं, आणि त्याचं हसू एकदम गेलं.

"चावी दे," तो म्हणाला. हळू म्हणाला. ढोलांच्या त्या आवाजातही ते नीट ऐकू आलं, आणि दीक्षाला त्या माणसाची खरी भीती वाटली ती तेव्हा.

पार्किंगच्या तोंडाशी चार माणसं जमली. "काय झालं?" कोणी विचारलं. सौमित्रने लगेच आवाज बदलला. "काही नाही काका, आमच्याच पथकातली आहे. जरा जास्त झालीये तिला. घरी नेतोय, तर या मैत्रिणी तमाशा करतायत." माणसांनी मान डोलावली. एक जण वळलासुद्धा. पथकाचीच माणसं आहेत, त्यांचं ते बघून घेतील. दीक्षाला दिसत होतं की ती माणसं चालली. ती गेली की इथे तो, या दोघी आणि अर्धवट शुद्धीतली कादंबरी, आणि बाहेर एवढे ढोल की कोणी मेलं तरी कळणार नाही.

तिने कादंबरीच्या कमरेला मिठी मारली. सोडायचंच नाही, एवढंच तिला सुचलं. आणि मग तिचा आवाज आला. "जाऊ नका," ती माणसांना म्हणाली. रडत होती, पण म्हणाली. "पाया पडते, कोणी जाऊ नका. ही प्यायलेली नाही. याने हिला सरबतातून काहीतरी दिलंय. आधी मला देत होता. मी नको म्हटलं."

माणसं घुटमळली. एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात मघाच्या आजी भिंतीला धरत धरत आत आल्या.

"काय रे," त्या सौमित्रला म्हणाल्या, "हिला घरी नेतोयस म्हणे."

"हो आजी. कोथरूडला."

"चांगलं आहे. कोथरूडला कुठे?"

"डेपोजवळ," तो म्हणाला.

"डेपोजवळ अर्धं कोथरूड राहतं. सोसायटी कोणती? बरं, राहू दे. हिच्या आईचं नाव काय? दारात जाऊन हाक कोणाला मारणार होतास?"

तो अपूर्वाच्या मुठीतल्या चावीकडे बघत राहिला.

"ही पोरगी सांगेल बघ," आजींनी दीक्षाकडे हात केला.

"हेमा," दीक्षा म्हणाली. "हेमाकाकू. शाळेत शिकवतात. करिष्मा चौकातून आत, तिसरा मजला. सकाळी निघताना त्यांनी हिच्या फेट्याला पिना लावल्या."

"हं," आजी म्हणाल्या आणि माणसांकडे वळल्या. "अजून काय बघताय? नाव माहीत नाही त्याला, आणि पाठीला बांधून नेतोय. तुमच्या घरात मुली नाहीत का?"

मग माणसं पुढे झाली. वरातीमागून घोडं, पण झाली. सौमित्रने पट्टा सोडला, कादंबरी दीक्षाच्या अंगावर भिजल्या पोत्यासारखी आली, आणि एकाने दंड धरायच्या आत तो हात झटकून बाहेर पळाला. दोघं मागे धावले. पण बाहेर पांढरे कुडते किती आणि भगवे फेटे किती. दोन मिनिटांत तो त्यांत विरघळून गेला.

स्कूटर राहिली, आणि तिच्या हुकाला लटकलेली पिशवी. पिशवीत ती केशरी बाटली. एक जण उघडून वास घ्यायला निघाला होता, अपूर्वाने त्याचा हात धरला. "नका. पोलिसांना द्यायची आहे." तिने आपला फेटा सोडून बाटली त्यात गुंडाळली. दीक्षा कादंबरीला कुशीवर घेऊन खाली फरशीवर बसली. तिच्या तोंडातून लाळ येत होती, श्वास कधी भरभर, कधी इतका सावकाश की दीक्षा नाकाशी बोट धरून बघायची. "कादंबरी, मी दीक्षा. मी आहे इथे." कादंबरी काहीतरी पुटपुटली. आई म्हणाली असेल. कोणीतरी पाणी आणलं, आजींनी ते परत पाठवलं. शुद्धीत नसलेल्याच्या घशात काही ओतायचं नसतं, त्या म्हणाल्या. कठड्यावरच्या पोलिसाने वायरलेसवरून कळवलं आणि बोळाच्या दुसऱ्या तोंडाशी रुग्णवाहिका आली. ती येईपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. दीक्षाने प्रत्येक मिनिटाला श्वास मोजले.

संध्याकाळी साडेपाचला दवाखान्याच्या बाकावर ती आणि अपूर्वा बसल्या होत्या. कादंबरी आत होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला घेतली होती. "ऊन नाही हे," त्या म्हणाल्या होत्या. "लवकर आणलंत म्हणून बरं. काही औषधं काही तासांत अंगातून निघून जातात, मग सिद्ध करता येत नाही. धोका टळलाय, पण रात्रभर ठेवू." हेमाकाकू आल्या तेव्हा दीक्षा उभी राहिली. दोघी जाताय, दोघी या. तिला वाटलं होतं काकू रागावतील. काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आत गेल्या. तेव्हा कुठे दीक्षा रडली.

मग शौनक आला. फेट्यासकट, गुलाल तसाच. त्याच्यामागून पोलीस ठाण्यातल्या एक बाई, हातात कागद. त्या बाकासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि दीक्षाने सगळं सांगितलं. हनुवटी हलवल्याचंही सांगितलं.

"पोरी, दोष त्याचा आहे," बाई म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. "त्याचा पत्ता मिळालाय, मांजरी गावात खोली आहे भाड्याची. माणसं गेली आहेत. तुमच्या पथकात याआधी असं काही?"

"छे," शौनक म्हणाला. "मॅडम, आमचं पथक म्हणजे घर आहे. अशी घटना कधीच घडलेली नाही. माझी विनंती एवढीच की पथकाचं नाव जरा..."

"घडली आहे," अपूर्वा म्हणाली.

ती इतकं हळू म्हणाली की बाईंनी पेन थांबवून वर पाहिलं.

"गेल्या वर्षी. विसर्जनालाच. सरबत नव्हतं, ताक होतं. त्याच बोळातून. पार्किंगही तेच, आज आत शिरल्यावर ओळखलं." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "डोळे उघडले तेव्हा मी मांजरीला होते. बाहेर ऊस होता आणि अंधार पडायला आला होता."

शौनकने फेटा उतरवून हातात घेतला.

"तेव्हा तक्रार का नाही केलीत?" बाईंनी विचारलं.

"मला धड काही आठवत नव्हतं. कोणाला काय सांगायचं? चार दिवसांनी याच्याकडे गेले होते." तिने शौनककडे नुसती मान वळवली. "भोवळ आली आणि मग काहीतरी झालं, एवढंच बोलले. तर हा म्हणाला, ढोल झेपत नसेल तर दोरी धर. म्हणून दोरी धरली. दोन महिने रोज सरावाला येत होते, त्याच्यावर लक्ष ठेवायला. आज नेमकी गर्दी रेटत होती आणि मी दोरी सांभाळत होते."

कुंपणच शेत खातं असं म्हणतात. पण कुंपण शेत खात असताना आजूबाजूला उभे राहिलेले आपण सगळे असतो, त्याचं काय म्हणायचं? दीक्षाला एकाएकी बाकावर बसवेना. गेल्या वर्षी ती पथकात नवी होती. दुसऱ्या रांगेत होती. तिच्या पुढे पहिल्या रांगेत लांब वेणीची एक मुलगी होती, तिची पाठच तेवढी दीक्षाला माहीत होती. लक्ष्मी रस्त्यावरच ती मुलगी डगमगली, पाणी पाजणाऱ्याने तिला धरून नेलं, आणि शौनकने ताशावरूनच खूण केली होती.

"अपूर्वा," ती म्हणाली, "मी तुझ्या मागे होते."

"माहीत आहे."

"तुला नेलं तेव्हा मी एक पाऊल पुढे आले. तुझ्या जागेवर. पहिल्याच वर्षी पुढची रांग मिळाली म्हणून मी घरी पेढे नेले होते."

अपूर्वा मग म्हणाली, "मला तिथे सारखं वाटत होतं की कोणीतरी शोधत येईल."

पोलीसबाईंनी लिहिलेला कागद बाजूला ठेवला, दुसरा कोरा घेतला आणि अपूर्वाला तिचं पूर्ण नाव विचारलं.